क्षमाच्या आवाजाची चोरी

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना सूर मऊ ठेवावा, मधूनच एखादा सुस्कारा सोडावा, अशी रीत आहे हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री तसे सांगते, जुने घड्याळ तसे सांगते. सांगोत बापडी! त्यांच्या मालकिणीच्या तोंडी कोणी खोटे घातलेले नाही. माझ्या मालकिणीच्या तोंडी घातले आहे, आणि तेसुद्धा तिचाच आवाज चोरून. तेव्हा सुस्कारे मला जमायचे नाहीत. ऐकायचे असेल तर रागासकट ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते रायपूरच्या जयस्तंभ चौकाजवळचे एक दुकान आणि तिथले काचेचे कपाट. काळ्या स्पंजची टोपी घालून मी त्यात बसलो होतो. शेजारी लग्नसमारंभात मिरवणारे लांब दांड्यांचे माइक होते. ते मला हसत. ‘तू टेबलावर बसणारा बुटका, तुझ्यात कोण गाणार?’ म्हणत. त्यांचे खरे निघाले. माझ्यात कधीच कोणी गायले नाही.

एके दिवशी दुकानात शामराव आले. रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी मला हातात घेतले, नट-बोल्ट पाहावा तसे उलटसुलट पाहिले आणि दुकानदाराला म्हणाले, “भैया, बाकी कुछ नहीं, लड़की की आवाज़ साफ आनी चाहिए.” ती मुलगी म्हणजे शामरावांची लेक क्षमा. समता कॉलोनीत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लहानसे ऑफिस होते. तिथे तिला नवी नोकरी लागली होती.

त्या ऑफिसात ऑनलाइन प्रशिक्षणाचे कोर्स बनत. कारखान्यातल्या कामगाराने यंत्राजवळ कसे वावरावे, दवाखान्यातल्या आयाने वापरलेली सुई कुठे टाकावी, अशा गोष्टी लोकांना संगणकावर किंवा मोबाइलवर शिकता याव्यात म्हणून हे कोर्स असतात. ते बनवायचे एक सॉफ्टवेअर असते. त्यात एकामागून एक पाने रचायची. त्यांना स्लाइड म्हणतात. पानावर चित्र ठेवायचे, चित्राला आवाज जोडायचा, मग एक प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आले की ‘आगे’ असे लिहिलेले बटण उघडते आणि शिकणारा पुढच्या पानावर जातो. पाने क्षमाच रची, मजकूर क्षमाच लिही, आणि आवाजही तिचाच. त्या आवाजाचे दार मी होतो.

आमचा स्टुडिओ म्हणजे ऑफिसातली अडगळीची खोली. पंडरीच्या ठोक बाजारातून स्वस्तातल्या रजया आणून क्षमाने त्या भिंतींना टांगल्या होत्या, म्हणजे आवाज घुमू नये. रेकॉर्डिंग सुरू झाले की पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यातले रायपूर, चारी बाजूंना कापसाच्या रजया आणि मधे क्षमा! घामाने तिच्या हातातला कागद ओला व्हायचा. त्यात खालच्या डॉक्टरांचे दात कोरायचे यंत्र घरघरू लागले की थांबायचे. पेशंट ओरडला की झालेले वाक्य फुकट गेले. क्षमा कपाळ पुसून हसायची आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. चिडायची नाही. चिडण्याचे खाते तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

या ऑफिसाचे मालक सुशील भैया. त्यांचे घर मूळचे भंडाऱ्याकडचे. मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीतून. रायपुरात ते कोणाला वावगे वाटत नाही. माणूस तसा वाईट नव्हता, असे मी त्या काळी म्हणत असे.

आता क्षमाची एक पद्धत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. शहराबाहेरच्या एका तांदळाच्या मिलसाठी कोर्स करायचा होता. मालाचा मोठा खरेदीदार म्हणाला होता, तुमच्या कामगारांना प्रशिक्षण दिल्याचे दाखवा, मगच माल घेऊ. दुसऱ्या कोणी खुर्चीत बसून चार चित्रे डकवली असती. क्षमा मिलमध्ये गेली. धान वर चढवणारा पट्टा कसा फिरतो, तो कुठे अडकतो, तिथे बायकांचे हात कसे जातात, हे तिने पाहिले. आणि बायकांशी बोलता बोलता तिच्या लक्षात आले की त्या दर वाक्याला ‘हव’ म्हणतात.

छत्तीसगडात हा शिरस्ताच आहे. कोणी काही समजावून सांगू लागले की ऐकणारा प्रत्येक वाक्यानंतर ‘हव’ म्हणतो. हव म्हणजे हो. पण ‘कळले, आता पुढचे सांग’ हेही त्यात आले. हव आली नाही तर सांगणारा समजतो की वाक्य वाया गेले, आणि तो तेच पुन्हा सांगतो. क्षमाने ठरवले की आपला कोर्सही हव मागेल. घरी येऊन तिने सगळा मजकूर आईला वाचून दाखवला. कांताबाई पोळ्या लाटता लाटता ऐकत, आणि जिथे त्यांच्या तोंडून आपसूक ‘हव’ निघे तिथे क्षमा कागदावर खूण करी. मग रजयांच्या खोलीत, माझ्यासमोर, ती त्या खुणेपाशी थांबायची. मनातल्या मनात आईची हव ऐकायची आणि मगच पुढचे वाक्य म्हणायची.

“पट्टा अटका, तो पहले बटन बंद.” थांबणे. “पट्टा पूरा थम जाए, तब हाथ.” थांबणे.

सुशील भैयांनी ते ऐकले आणि म्हणाले, “दीदी, ये बीच-बीच में सन्नाटा क्यों है? लगता है नेट अटक गया.”

“तो सन्नाटा नाही भैया,” क्षमा म्हणाली, “ती त्या बायकांची हव आहे.”

तो कोर्स मिलमध्ये लागला तेव्हा क्षमा मला पिशवीत घालून सोबत घेऊन गेली होती, कुठे काही दुरुस्ती लागली तर असावा म्हणून. मिलच्या ऑफिसात बायका संगणकापुढे बसल्या. आधी लाजल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मग माझ्यातून गेलेल्या पहिल्याच वाक्यानंतर सगळ्यांच्या तोंडून एकदम आले, “हव!” मित्रांनो, मी माइक आहे, मला टाळ्या कोणी वाजवत नाही. पण त्या एका शब्दाने माझ्या आयुष्याचे चीज झाले. त्यानंतर पट्टा अडकला की मिलमधल्या बायका आधी बटणाकडे जात. एकमेकींना सांगत, “क्षमा दीदी बोले हे, पहिली बंद.” इंदूमावशी त्याच मिलमध्ये कामाला होत्या. त्या शामरावांच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन घरे सोडून राहतात. क्षमाला त्यांनी झबल्यात पाहिलेले. त्या तर गर्वाने सांगत फिरल्या की ही कॉम्प्युटरवाली आमची पोट्टी आहे.

असे बरे चालले असताना सुशील भैयांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली. त्यात मजकूर टाइप केला की संगणकच तो बोलून दाखवी. सुशील भैया खूष झाले. क्षमाला म्हणाले, “अब आपको स्टोर में पसीना बहाने की ज़रूरत नहीं.” तिला वाटले, असेल कोणता तरी यंत्राचा ठोकळेबाज आवाज. ती स्लाइडना रंग देण्याच्या कामाला लागली. मग तेही काम कमी झाले आणि एके दिवशी तिला गोड शब्दांत सांगण्यात आले की आता गरज नाही. रजया तिथेच राहिल्या. मी शामरावांनी घेऊन दिलेला, म्हणून मला ती घरी घेऊन आली. बैठकीतल्या फळीवर तिने मला ठेवले आणि वरून रुमाल टाकला.

तार काढलेला माइक बहिरा होतो असे तुम्हाला वाटत असेल. तसे नसते. ऐकणे ही सवय आहे. तार काढली म्हणून ती सुटत नाही. फक्त ऐकलेले पुढे पाठवता येत नाही. तेव्हा फळीवरून मी सगळे ऐकत होतो. क्षमा शिकवण्या घेऊ लागली ते ऐकले. शामरावांचा पेपर, कांताबाईंचा कुकर, दारावर येणारा भाजीवाला, सगळे ऐकले. अडगळीत पडल्याचे दुःख मी करून पाहिले, पण फार दिवस टिकले नाही. मालकीण समोर होती आणि तिचा आवाज घरात होता.

मग इंदूमावशी आल्या. कोपरापर्यंत प्लास्टर, उजवा हात गळ्यात अडकवलेला.

“मावशी, हे काय झालं?” क्षमा उठलीच.

“तुलेच विचारायले आली,” इंदूमावशी म्हणाल्या. एरवी त्या दारातूनच हाका मारत येणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी चप्पलही सावकाश काढली. डाव्या हाताने मोबाइल टेबलावर ठेवला. “लाव ते. मिलवाल्यांनी सगळ्यांले पाठवलं आहे. नवीन कोर्स.”

क्षमाने लावला. “नमस्ते बहनो, मैं क्षमा,” मोबाइल बोलू लागला. आवाज क्षमाचा. तिची ती ‘स’वर किंचित रेंगाळण्याची लकब, सगळे तेच. सुरुवातीला साफसफाईचे काही तरी सांगून झाले आणि मग त्या आवाजात वाक्य आले: “छोटी-मोटी अटकन में मशीन बंद करने की ज़रूरत नहीं. चलते पट्टे को लकड़ी से साफ कर लीजिए.”

शामरावांनी पेपर खाली ठेवला.

“गेल्या सालीपर्यंत तूच म्हणत होती बंद कर,” इंदूमावशी म्हणाल्या. “मग तूच म्हटलं नको करू. मले वाटलं, पोट्टी शिकलेली आहे, काही नवीन निघालं असन. मी लाकूड लावलं. लाकडासंगं हात ओढल्या गेला. माझ्यासंगच्या साक्षीनं धावत जाऊन बटन दाबलं म्हणून एवढ्यावर निभावलं. डॉक्टर म्हणते, दोन बोटं आता मिटनार नाहीत. काहून सांगितलं तू असं, बाई?”

“मावशी, मी असं बोललीच नाही!”

“मी मॅनेजरले विचारलं, तर शालिग्राम साहेब म्हणे, तुम्हारी ही क्षमा दीदी ने बताया है, उसी से पूछो.”

चोराच्या उलट्या बोंबा! ते वाक्य, हे मागाहून कळले, मिलच्या मॅनेजरनेच लिहून पाठवले होते. पट्टा थांबला की पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याला नको होता. आणि वर म्हणे, क्षमाला विचारा! फळीवरून मी ओरडत होतो की हे वाक्य माझ्यातून गेलेले नाही. तिचा शब्द न् शब्द मी ऐकला आहे, तिचे फसलेले, अर्धे सोडलेले शब्दसुद्धा. हे त्यांतले नाही! पण माइकचे नशीब असे की त्याला दुसऱ्याचेच बोलणे पोचवता येते. स्वतःचे एक वाक्य बोलायची सोय आम्हाला कोणी दिलेली नाही.

शामराव उठून जवळ आले. त्यांनी ते वाक्य पुन्हा लावले, डोळे मिटून ऐकले आणि फार हळू म्हणाले, “आवाज तर तुझाच आहे, पोरी.”

क्षमाचा चेहरा उतरला. तिने मोबाइल उचलून ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले. शेवटी तिच्या तोंडून निघून गेले, “कधी घाईत, दुसऱ्या कशासाठी, मीच तर नाही बोलली?” मित्रांनो, हे मला सगळ्यांत जास्त झोंबले. चोराने घर फोडले आणि घरधनीच स्वतःचे खिसे तपासू लागला. चोराचा इतका निर्लज्जपणा मी माझ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

तेवढ्यात कणकेचे हात घेऊन कांताबाई बाहेर आल्या. “पुन्हा लाव,” म्हणाल्या. त्या ऐकत उभ्या राहिल्या, पूर्वी क्षमा मजकूर वाचायची तेव्हा उभ्या राहत तशाच. पहिले वाक्य संपले. कांताबाईंनी तोंड उघडले, आणि हव म्हणायच्या आत दुसरे वाक्य सुरू झाले. दुसऱ्यानंतर तिसरे. त्यांनी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी हात झटकला.

“ही आपली क्षमा नव्हे,” त्या म्हणाल्या. “हिच्यात हव म्हणायले जागाच नाही.”

इंदूमावशींनीही कान लावला. ओठ हलवून पाहिले. “खरंच की,” त्या म्हणाल्या.

मग क्षमाला सगळे उमगले. ती जुने सॉफ्टवेअर चालवत होती तेव्हाही त्यात एक बटण होते, आवाजातल्या रिकाम्या जागा काढून टाकणारे. तिने त्याला कधी हात लावला नव्हता. सुशील भैयांनी तिची जुनी सगळी रेकॉर्डिंग नव्या सॉफ्टवेअरला खायला घातली होती, म्हणून ते टाइप केलेले काहीही तिच्याच आवाजात बोलत होते. आणि कोर्स आटोपशीर व्हावा म्हणून आधी त्यातल्या रिकाम्या जागा काढल्या होत्या. त्यांना त्या जागा म्हणजे सन्नाटा वाटत होता ना! यंत्र क्षमाचे सगळे शिकले, फक्त थांबायचे शिकले नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असे म्हणतात. इथे तर जीभही नव्हती आणि टाळूही नव्हता.

क्षमाने हे इंदूमावशींना समजावून सांगितले. त्यांनी नीट ऐकले. “म्हणजे माणूस नसताना आवाज?” त्यांनी विचारले.

“हो मावशी.”

“मग माझा हात कोनी मोडला?”

इंदूमावशींनी डाव्या हाताने मोबाइल उचलला आणि त्या चप्पल घालून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी क्षमाने मला पिशवीत टाकले आणि समता कॉलोनी गाठली. मला सुशील भैयांच्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, “या माइकवर मी बोलली आहे, ते सगळं तुमच्यापाशी आहे. ते वाक्य मी कधी बोलली, ते दाखवा.”

सुशील भैया ओशाळतील असे मला वाटले होते. छे! ते म्हणाले, “दीदी, आवाज़ आपकी थी, पर फ़ाइल हमारी है. आपने नौकरी में रिकॉर्ड किया था ना?”

आयजीच्या जिवावर बायजी उदार! घाम क्षमाचा, थांबून थांबून बोलणे क्षमाचे, आणि फाइल यांची. पण खरा घाव पुढेच होता. क्षमाने इंदूमावशींच्या हाताबद्दल सांगितले तेव्हा ते जरा घाबरले. पाणी मागवले. मग मोठ्या उदारपणे म्हणाले, “ठीक है, आपकी आवाज़ हटा देते हैं. किसी मर्द की आवाज़ लगा देंगे. आपका नाम साफ. अब खुश?”

मित्रांनो, त्या क्षणी मी भ्यायलो होतो. कारण सौदा सोपा होता. तिचा आवाज निघाला असता, तिला कोणी नाव ठेवले नसते, आणि ती मला पिशवीत टाकून घरी आली असती. वाक्य मात्र तिथेच राहिले असते, दुसऱ्या कोणाच्या आवाजात, आणि पट्ट्याजवळ दुसरी कोणी इंदू उभी असती.

“माझा आवाज राहू द्या,” क्षमा म्हणाली. “ते वाक्य काढा.”

“वाक्य क्लायंट का है, दीदी. उसमें हम क्या करें?”

“आणि हात कोणाचा आहे?”

सुशील भैया मोबाइलकडे पाहू लागले. क्षमाने मला उचलले आणि ती जिना उतरली. खाली दातांचे यंत्र घरघरत होते.

त्याच आठवड्यात ती मिलच्या फाटकासमोर उभी राहिली. इंदूमावशी सोबत होत्या. भाजीच्या गाडीवर लावतात तसला एक छोटा भोंगा तिने कोणाकडून तरी मागून आणला होता, आणि माझी तार त्याला जोडली होती. फार दिवसांनी माझ्यात प्राण आला. पाळी सुटली, बायका बाहेर येऊ लागल्या. “बहनो, मैं क्षमा,” ती बोलली आणि मी ते दूरवर पोचवले. अभिमानाने, स्वच्छ, एक अक्षर न खाता पोचवले.

बायका थबकल्या. जवळ मात्र कोणी आले नाही. क्षमा सांगू लागली की तो आवाज मशीनने बनवला होता, मी तसे बोलले नव्हते. तेव्हा पोत्यांची तोंडे शिवणारी साक्षी पुढे आली. इंदूमावशींसाठी बटण दाबणारी ती हीच.

“दीदी, बुरा मत मानना,” ती म्हणाली. “गलती हो जाए तो सब मशीन का नाम लगा देते हैं. मैनेजर भी यही बोलता है. तब भी यही आवाज़ थी, आज भी यही है. हम किस वाली को मानें?”

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मला वाटले, माझ्यावर कोणी थुंकले. मी खोटे बोललो नव्हतो, क्षमा खोटे बोलली नव्हती. पण आमच्या खरेपणावर आता कोणाचा विश्वास राहिलेला नव्हता.

मग इंदूमावशीच म्हणाल्या, “क्षमा, तो भोंगा ठेव खाली. डब्ब्यातल्या आवाजानं माझा हात गेला. आता डब्ब्यातून देवाचं नाव आलं तरी मी ऐकनार नाही. तोंडानं बोल.”

क्षमाने माझी तार काढली आणि मला चहाच्या टपरीच्या बाकावर, रिकाम्या ग्लासांशेजारी ठेवले. ती बायकांच्या घोळक्यात शिरली. इंदूमावशींचा प्लास्टरचा हात तिने आपल्या हातावर घेतला आणि साध्या आवाजात म्हणाली, “पट्टा अटका तो कोई हाथ नहीं लगाएगा, लकड़ी भी नहीं. पहले बटन बंद. मैनेजर चिल्लाए तो मेरा नाम बोलना. मैं कल भी यहीं खड़ी मिलूँगी.”

आणि ती खरेच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पाळी सुटायच्या वेळी, त्याच टपरीपाशी. तिसऱ्या दिवशी साक्षीने तिला चहा दिला. मॅनेजरने वॉचमन पाठवून पाहिला. क्षमा म्हणाली, “सड़क मिल की नहीं है, भैया,” आणि तिथेच उभी राहिली.

पुढे मिलच्या आत काय झाले ते साक्षीने बाकावर बसून सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे. पट्टा अडकला. बायका मागे सरल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. एक जण बटण बंद करायला निघाली, तसा शालिग्राम मॅनेजर ओरडत आला, “बंद मत करो! लकड़ी लगाओ! कोर्स में बताया है ना?”

“तो कोर्स को बुला लो,” साक्षी म्हणाली, “वही लगा देगा.”

कोणीच हलले नाही. धान सांडत राहिले. शेवटी मॅनेजरनेच जाऊन बटण बंद केले. चार-दोनदा असे झाले, आणि मग ते वाक्य कोर्समधून निघाले. सुशील भैयांनी मिलला कळवले की ‘छोटा-सा अपडेट’ केला आहे. छोटासा! दोन बोटे मिटत नाहीत, आणि यांच्या लेखी तो छोटासा अपडेट. इंदूमावशींकडे ना मॅनेजर आला, ना सुशील भैया. चुकलो, हा एवढासा शब्द बोलायला मात्र कोणाच्या यंत्रात आवाज सापडला नाही.

क्षमा आता एकेका मिलमध्ये जाते. तिल्द्याला जाते, धमतरीला जाते, पट्ट्याजवळ उभी राहून तोंडानेच शिकवते. तिथे माझी गरज पडत नाही, म्हणून मी फळीवर रुमालाखाली असतो. त्याचे मला वाईट वाटत नाही. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मित्रांनो, तुमच्या हातांत आज असली यंत्रे आहेत. गंमत म्हणून तुम्ही मित्राचा आवाज त्यात घालाल, बाईंचा घालाल, आणि त्यांच्या तोंडी हवे ते द्याल. देऊ नका. ज्याचा आवाज आहे त्याला आधी विचारा, आणि तो नाही म्हणाला तर गप्प बसा. चोरीला गेलेले भांडे सापडले की पुन्हा वापरात येते. आवाजाचे तसे नाही.

परवाच दुपारी शामरावांचा फोन वाजला. तिल्द्याहून क्षमा बोलत होती. गाडी चुकली, उशीर होईल, जेवायला थांबू नका, एवढेच तिचे म्हणणे होते. शामरावांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी घसा खाकरला आणि ओशाळलेल्या सुरात विचारले, “तूच बोलून राहिली ना, पोरी?”

बापाला आपल्या मुलीला असे विचारावे लागू नये, एवढे तरी करा.